लख्ख पायरी

अल्मा स्ट्रीटवर बाईची किंमत तिच्या पायरीवरून ठरायची. नवरा दारू पितो का, पोरांच्या डोक्यात उवा आहेत का, घरात खायला आहे की नाही, हे सगळं मागाहून. आधी पायरी. लँकेशायरमधलं ते गिरण्यांचं गाव धुरानं काळंठिक्कर पडलेलं. विटा काळ्या, खिडक्या काळ्या, सकाळी वाळत घातलेली चादर संध्याकाळी करडी. आणि त्या सगळ्या काळोखात प्रत्येक दाराशी एकेक दगडी पायरी, दुधासारखी पांढरी. बायका सकाळी गुडघे टेकून ती धुवायच्या आणि ओली असतानाच घासण्याच्या दगडानं घासायच्या. हा दगड म्हणजे साबणाच्या वडीएवढा पांढरट ठोकळा, घासला की खडूसारखा पांढरा थर सोडणारा. चिंध्यावाल्याला जुने कपडे दिले की बदल्यात मिळायचा. एक वेळ पोटाला चिमटा काढतील, पण घरातला दगड संपू देणार नाहीत, अशा त्या बायका! एखादी पायरी सकाळ उलटली तरी काळीच दिसली, की शेजारीण दार ठोठावणारच. त्या घरात कुणी अंथरुणाला खिळलंय नाहीतर कुणी मेलंय, असाच त्याचा अर्थ.

मेव्हिस हार्ग्रीव्ह्झला दहाव्या वर्षीच हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर बरं झालं असतं, असं आता म्हणून काय उपयोग?

तिचे वडील स्टॅन्ली दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत बोटीबरोबर बुडाले. घरात आई अ‍ॅग्नेस, मेव्हिस आणि चार वर्षांचा केनी. आई पहाटे उठून गावाच्या दुसऱ्या टोकाला कचेऱ्या झाडायला जायची आणि गल्ली जागी व्हायच्या आत परत येऊन पायरीला लागायची. दिवस अगदीच वाईट होते असं नाही हं. बॉम्ब पडून सपाट झालेल्या दोन घरांच्या जागी पोरांनी आपलं राज्य थाटलं होतं. शनिवारी चुलीपुढं पत्र्याचा टब मांडून तिघं एकाच पाण्यात अंघोळी करायची, आणि पाठ चोळताना आई असं काही गायची की केनी हसून हसून टबातून बाहेर पडायचा. लढाईनंतर गावात पहिल्यांदा केळी आली तेव्हा केनीनं आपलं केळं सालासकट चावलं आणि थुंकून विचारलं, "यासाठी एवढी रांग?" आई पुढं कितीतरी दिवस तेच सांगून हसत होती.

भिंतीपलीकडं एथेल क्लेग राहायची. गल्लीतली सगळी पोरं तिला एथेलमावशी म्हणायची. बाई धिप्पाड, तोंडानं फाटकी, मनानं सोनं. गल्लीत बाळंतपण असो की मयत, बाह्या सरसावून हजर. तिची आणि अ‍ॅग्नेसची पायरीवरून रोज जुंपायची.

"काय गं अ‍ॅग्नेस, आज कडा तशीच राहिली वाटतं? म्हातारी झालीस की आळशी?"

"तुझ्या पायरीत आधी तोंड बघून ये, मग बोल."

एवढं झाल्याशिवाय दोघींना सकाळचा चहा गोड लागत नसे.

लढाई संपून तीन वर्षं झाली होती. नाताळ तोंडावर आला होता, शाळेला सुट्टी लागली होती, आणि अ‍ॅग्नेसचा साधा खोकला छातीत उतरला. एके पहाटे ती कामाला जायला उठली, कोटाची बाही घालता घालता भिंतीला टेकली आणि तिथंच खाली बसली. मेव्हिसनं कसंबसं तिला पलंगावर नेलं. अंग नुसतं भट्टीसारखं तापलेलं.

"आई, एथेलमावशीला बोलावू?"

"खबरदार!" अ‍ॅग्नेसला धाप लागली होती, पण आवाजाची धार गेली नव्हती. "एथेल आली की डॉक्टर येणार. डॉक्टर आला की हॉस्पिटल. आणि मी हॉस्पिटलात गेले की तुम्हा दोघांना न्यायला अनाथालयाची गाडी येणार. मी बसलेय त्या गाडीत."

ही गोष्ट मेव्हिसला माहीत होती. आई सहा वर्षांची असताना तिला नि तिच्या भावाला असंच उचलून नेलं होतं. दारातच डोकी भादरली. पोरी एका इमारतीत, पोरं दुसऱ्या. मधल्या भिंतीच्या फटीतून भाऊ तिला कधीमधी दिसायचा. मग दिसेनासा झाला. कुठं नेला हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि विचारल्यावर थोबाडीत मिळाली.

"पण आई, उन्हाळ्यापासून डॉक्टर फुकट झालाय ना? बाईंनी शाळेत सांगितलं."

"फुकट! फुकट देणारे आधी नाव विचारतात, मग नवरा कुठाय विचारतात, मग मुलं किती ते विचारतात." तिनं मेव्हिसचं मनगट धरलं. "चार दिवसांत उठते मी. तू फक्त पायरी सांभाळ. रोज सकाळी, मी घासते तशी. पायरी पांढरी असली की आपल्या घरात कुणी डोकावणार नाही."

"केनीला खरंच नेतील?"

"पहिल्यांदा त्यालाच नेतील. लहान पोरं लोकांना हवी असतात."

त्या क्षणापासून मेव्हिसच्या लेखी जगात एकच काम उरलं.

सकाळी इतका गारठा की बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा. मेव्हिस किटलीतलं कढत पाणी त्यात ओतायची, गोणपाटावर गुडघे टेकायची आणि गल्ली उठायच्या आत सुरू व्हायची. आधी फडका, मग दगड. पहिल्या दिवशी पट्टे उमटले. तिनं सगळं धुऊन पुन्हा घासलं. बोटांची सालं निघाली. मग पावाला चरबी लावून केनीला भरवायची, आईला चमच्यानं चहा पाजायची, केनीला दम द्यायची: "आई झोपलीय. बाहेर कुणाला काही बोललास तर तुला गाडी नेईल." बिचारा इतका घाबरला की घरातसुद्धा बोलेनासा झाला.

आईचं मात्र उठायचं लक्षण दिसेना. श्वास घेताना छातीतून करकर आवाज यायचा. मधूनच ती मेव्हिसला आपल्या हरवलेल्या भावाच्या नावानं हाक मारायची. पोरीचा जीव टांगणीला लागला होता. एकदा तर ती एथेलमावशीच्या दारापर्यंत जाऊन कडीला हात लावून परत आली. दार वाजवावं तर केनी जाणार, न वाजवावं तर आई अशी. दहा वर्षांच्या पोरीनं यातलं काय निवडायचं? सांगा ना.

एके सकाळी एथेलच तिच्या दारात उभी राहिली. मेव्हिस नुकतीच बादली आत ठेवून ओले हात पुसत बाहेर आली होती.

"काय गं पोरी, तुझी आई दिसत नाही ती? रुसलीय का माझ्यावर?"

"कामावर जाते ना. हल्ली लवकर जाते नि उशिरा येते."

"आणि काल भिंतीपलीकडून खोकत कोण होतं? मला वाटलं भिंत पडते आता."

"केनी," मेव्हिस म्हणाली.

एथेलनं तिच्याकडं रोखून पाहिलं. तिचं एक पाऊल पुढं आलं होतं, अगदी पायरीपर्यंत. आता ही आत येणार. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात कुठंतरी असंही आलं, की येऊ दे. ढकलून दे मला आणि ये आत.

पण एथेलची नजर खाली गेली. पायरी कशी लख्ख होती! कडा सरळ, कोपरे भरलेले, कुठं एक ओघळ नाही. एथेलनं पाऊल मागं घेतलं. दुसऱ्याच्या ताज्या पायरीवर पाय ठेवणारी बाई अल्मा स्ट्रीटवर जन्मलीच नव्हती.

"जळलं मेलं!" एथेल हसली. "आज तर नाकच कापलं माझं तुझ्या आईनं. कामावर जायच्या आधी, पोरगं आजारी असताना ही अशी पायरी! सांग तिला, म्हणावं एथेल हरली. पहिल्यांदा आणि शेवटची."

एथेलमावशी हरली! कुणालाही हरवता आलं नव्हतं तिला. मेव्हिसला इतका आनंद झाला, इतका अभिमान वाटला, की ती धावतच जिना चढली. आईला हे सांगितलं की आई हसणार, हसली की बरी होणार. "आई, मावशी म्हणाली ती हरली! आई, मी घासली होती, मी!"

केनी पलंगावर आईच्या कुशीत बसून तिच्या केसांशी खेळत होता. आईचे डोळे अर्धे उघडे होते आणि करकर थांबली होती.

मेव्हिस परत खाली आली. रडली नाही. बादली घेऊन बाहेर गेली, आणि त्या लख्ख पायरीवर तिनं चुलीतली राख ओतली. मग तिथंच उभी राहिली. एथेलला आपल्या खिडकीतून ते दिसलं आणि ती एप्रनला हात पुसत धावत आली.

डॉक्टर आला तो दाखला द्यायला. छातीत न्यूमोनिया होता, म्हणाला. आता नवीन इंजेक्शनं आली होती. वेळेवर बोलावलं असतं तर बाई आठवड्यात उठून बसली असती. मयताला मान म्हणून अल्मा स्ट्रीटवरच्या सगळ्या घरांचे पडदे ओढले गेले. एथेलनं अ‍ॅग्नेसला न्हाऊ घातलं, केस विंचरले, आणि ते सगळं नीट उरकल्यावर ती स्वयंपाकघरात मेव्हिससमोर मटकन बसली. रागावली नव्हती.

"एक दिवस गं पोरी. एकच दिवस पायरी काळी ठेवायची होतीस. दार फोडून आले असते मी. आणि तुम्हा दोघांना माझ्याकडं ठेवून घेतलं असतं. कुणाची टाप होती न्यायची?"

एथेलनं मुलांसाठी पुष्कळ आकांत केला, पण आई गेल्यावर त्यांना कुणाकडं ठेवायचं हे तिच्या हातात उरलं नव्हतं. मुलं नात्याची नाहीत, घरात जागा नाही, असं म्हणून गाडी आलीच. पोरींची इमारत वेगळी, पोरांची वेगळी. सोनेरी कुरळ्या केसांचा केनी वसंतातच एका जोडप्यानं नेला. कुठं, ते मेव्हिसला कुणी सांगितलं नाही.

त्या पोरीची आता म्हातारी झाली आहे. लग्न झालं, नवरा वारला, मूलबाळ नाही. त्याच गावाच्या कडेला एका छोट्या घरात एकटी राहते. अल्मा स्ट्रीट कधीच पाडली. मेव्हिसनं त्या सकाळनंतर जन्मात पायरीला हात लावला नाही. लग्न झालं तेव्हा सासूनं नाक मुरडलं, "सुनेला घाण दिसत नाही का?" मेव्हिस म्हणाली, "असू दे काळी. काळी असली की माणसं बघायला येतात." सासूला वाटलं, अनाथालयातली पोर, डोक्यानं जरा कमी असणार.

या हिवाळ्यात तिला खोकला धरलाय. छातीतून तोच आवाज येतो. तो तिला चांगला ओळखू येतो. फोन उशाशी आहे, पण ती उचलत नाही. पायरीवर शेवाळ चढलंय, कोपऱ्यात पाचोळा कुजलाय, दुधाची रिकामी बाटली आडवी पडलीय. अल्मा स्ट्रीट असती तर एव्हाना अर्धी गल्ली जिन्यात उभी असती. ती पडल्या पडल्या दाराकडं कान लावून असते.

आज खरंच पावलं आली. फाटक वाजलं. मेव्हिस उशीवरून उठली, जिवाच्या आकांतानं म्हणाली, "ये गं मावशी, दार उघडंच आहे."

शेजारच्या घरी द्यायचं पार्सलचं खोकं चुकून तिच्या पायरीवर ठेवून माणूस निघून गेला. घाईत होता बिचारा, त्यानं खाली पाहिलंही नाही.