मी गिळलेला ‘स’

मित्रांनो, आयुष्यभर मी दुसऱ्यांचे बोलणे लोकांच्या कानात सांगत आलो. आज थोडे माझे ऐका. मी कानाच्या आत बसणारा, काळ्या वायरचा एक इयरफोन आहे. दिसायला दोन वाटाण्यांएवढा, पण आवाज मात्र भरदार. लोक त्याला बेस म्हणतात.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे बायका भिंगातून पाहत केसाहून बारीक तारा जोडत असत. माझ्या पोटातला पडदा माझ्या भावंडांपेक्षा मोठा होता. आमचा आवाज ठरवणारा इंजिनिअर प्रत्येक नमुना आधी स्वतःच्या कानात घालून डोळे मिटून बसे. तार जोडणाऱ्या एका बाईने त्याला एकदा विचारले, “साहेब, याचा वरचा आवाज एवढा का दाबलात?”

“दिवसभर ऐकणाऱ्याला टोचू नये म्हणून,” तो म्हणाला. “ड्रमचा ठोका भरून लागला पाहिजे. झांजेची धार थोडी बोथट झाली तरी चालेल.”

मला त्याचा फार अभिमान वाटला. झांजेबरोबर आणखी काय काय बोथट होते, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हते.

मग मी एका दुकानात आलो. दुकान एक मावशी चालवत. पांढरे केस, गळ्यात चष्म्याची दोरी, आणि इयरफोनविषयी इतके ज्ञान की शिकलेली मुलेही गप्प बसून ऐकत. एका दुपारी तिथे दोघी आल्या. एक तरुण मुलगी आणि तिची वहिनी. मुलगी पुढे, वहिनी मागे. वहिनीच्या कपाळावर दोन भुवयांच्या मधे एक उभी रेघ होती. ती डोकेदुखीची आहे, हे मला नंतर कळले.

“काय ऐकणार यात?” मावशींनी विचारले.

वहिनीने तोंड उघडले होते, पण नणंदेने तिला बोलूच दिले नाही. “गाणी,” ती म्हणाली. “पण टोचणारा आवाज नको. वहिनीचे कान दुखतात.”

वहिनीला इयरफोन कामासाठी हवा होता, पण तिने नुसती मान डोलावली. ऐकणे ते ऐकणे, असे तिला वाटले असावे.

मावशींनी तीन जोड काढले. पहिला कानात घालताच वहिनीने तोंड वाकडे केले. “चमच्याने ताट वाजवल्यासारखं वाटतंय.” दुसरा बरा होता, पण गाणारीचा आवाज चढला की वहिनीचे खांदे वर जात. तिसरा मी. नणंदेने लावलेले गाणे माझ्यातून वाहू लागले आणि थोड्या वेळाने वहिनीच्या कपाळावरची ती रेघ पुसट झाली.

“हे गादीवर बसल्यासारखं आहे,” ती म्हणाली.

दोघी हसल्या. मावशींनी मला पुडक्यात घालताना सांगितले, “आवाज मोठा करू नका. आणि वायर बोटाभोवती करकचून गुंडाळू नका, आतून तुटते.”

वहिनी एका रुग्णालयाच्या नोंदविभागात काम करी. डॉक्टर लोक रुग्णांविषयी तोंडी सांगून ठेवत आणि ती ते ऐकून टाइप करी. टेबलाखाली एक पॅडल होते. पायाने दाबले की आवाज थांबे, पुन्हा दाबले की थोडा मागे जाऊन सुरू होई. बारा वर्षे ती हे काम करत होती आणि कार्यालयाचा जुना कर्कश हेडफोन वापरत होती. त्यातला प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ सुईसारखा लागे. घरी गेल्यावर तिला कोणी काही बोललेले सोसत नसे. गाणी तर तिने कधीच सोडून दिली होती.

दुसऱ्या दिवशी तिने मला त्या टेबलावर आणले. त्यानंतरचे सहा महिने माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. संध्याकाळी ती माझ्या रबरी टोप्या काढून मऊ कापडाने पुसे. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना ती सांगे, “याच्यामुळे माझं डोकं वाचलं.” घरी ती नणंदेशी गप्पा मारू लागली. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

मग तो दिवस आला. हाडांचे डॉक्टर मिशीतल्या मिशीत बोलत. पायाची शस्त्रक्रिया झालेल्या एका आजींना त्या दिवशी घरी सोडायचे होते. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून घरी रोज कोणते इंजेक्शन किती घ्यायचे, ते त्यांनी सांगितले. वहिनीने ऐकले, टाइप केले, कागद खाली गेला.

दुपारी चहाच्या वेळी ती उठता उठता थांबली. बारा वर्षांत तिने त्या औषधाचे नाव शेकडो वेळा टाइप केले होते. त्याच्यापुढे आठ हा आकडा तिने कधी पाहिला नव्हता. तिने पॅडल दाबले. मी म्हणालो, “आठ.” तिने पुन्हा दाबले. मी पुन्हा म्हणालो, “आठ.” मित्रांनो, मी खोटे बोलत नव्हतो. मला जेवढे सांगता येत होते तेवढेच मी सांगत होतो.

तिने मला काढले, खणातून जुना हेडफोन बाहेर काढला आणि कानाला लावला. पॅडल पुन्हा दाबले.

डॉक्टर साठ म्हणाले होते. सुरुवातीचा ‘स’ मी गिळून टाकला होता.

ती धावत जिना उतरली. जाताना तिने मला टेबलावरून मुठीत उचलले होते, म्हणून पुढचे सारे मी पाहिले. आजी दाराशी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. सून गाडीची वाट पाहत होती.

“आजी, तो कागद जरा द्या,” वहिनी धापा टाकत म्हणाली. “माझ्याकडून चूक झाली आहे.”

आजींनी चष्म्यावरून पाहिले. “किती मोठी चूक?”

“साठ लिहायचं होतं, मी आठ लिहिलं.”

“म्हणजे बावन्नाची,” आजी म्हणाल्या. त्या शाळेत गणित शिकवत असत, हे त्यांच्या सुनेने सांगितले. “कुणी दाखवून दिली, की तुझी तूच शोधलीस?”

“माझी मीच.”

“मग ठीक आहे. पण सगळी वही तपास हो. एक गणित चुकलं की त्याच रीतीनं केलेली बाकीचीही चुकलेली असतात.”

कागद बदलला. आजी घरी गेल्या. कार्यालयात कोणाला काही कळले नव्हते. वहिनीला तिथेच थांबता आले असते. पण ती आपल्या टेबलाशी परत न जाता थेट विभागाच्या प्रमुखांकडे गेली.

“मला गेल्या सहा महिन्यांच्या सगळ्या नोंदी परत ऐकायच्या आहेत,” ती म्हणाली आणि घडलेले सांगितले.

प्रमुख बराच वेळ पेनाचे टोपण लावत-काढत राहिले. “कुणाची तक्रार आली आहे का?”

“नाही.”

“तुमच्यावरच शेकेल हे.”

“शेकू दे, साहेब. कुणीतरी तो कागद बघून औषध घेतंय.”

अकरा दिवस ती रोज दोन तास लवकर आली. जुना टोचरा हेडफोन घालून तिने एक एक आकडा तपासला. कपाळावरची रेघ पुन्हा खोल गेली. मी समोर पडून होतो. तिच्या कानांना काय होत असेल, ते मला ठाऊक होते आणि मला काहीच करता येत नव्हते.

आणखी दोन चुका निघाल्या. एकीत टाके सात दिवसांनी काढायचे होते, ते आठ दिवसांनी निघाले होते. त्या माणसाला काही झाले नव्हते. दुसरी एका नळ दुरुस्त करणाऱ्याची होती. रोज साठ पावले चालायचे, त्याऐवजी त्याच्या कागदावर आठ पावले होती. वहिनीने त्याला फोन लावला.

“मी म्हणतच होतो,” तो म्हणाला. “आठ पावलांत तर आमच्या स्वयंपाकघरापर्यंतही पोचत नाही.” मग जरा थांबून म्हणाला, “दीड महिना फुकट गेला ना माझा.”

वहिनीने फोन ठेवला आणि त्याचा नवा कागद टाइप करायला घेतला.

त्या वर्षी तिला वरची जागा मिळायची होती, ती दुसऱ्या कोणाला मिळाली. तिच्या नावावर लेखी ताकीद आली. पण त्याबरोबर एक नियमही आला. यापुढे डॉक्टरांनी प्रत्येक आकडा फोडून सांगायचा, साठ म्हणजे “सहा, शून्य”. हाडांचे डॉक्टर थोडे कुरकुरले आणि मग तसे सांगू लागले.

माझे काय झाले? तिने मला फेकले नाही, दोन शब्द वाईटही बोलली नाही. घरी नेले, बोटांभोवती घट्ट गुंडाळले आणि कात्री, जुन्या किल्ल्या, संपलेले सेल यांच्या खणात टाकले. तिला इतके घट्ट गुंडाळताना मी प्रथमच पाहिले. माझ्या डाव्या बाजूची तार तेव्हाच आतून तुटली. खणात दीड वर्ष गेले. मी मुद्दाम केले नाही, एवढेच तिला सांगावेसे वाटे. पण आम्हाला स्वतःचा आवाज कुठे असतो?

एका रविवारी नणंद सेल शोधायला आली आणि तिच्या हाती मी लागलो. बाहेरच्या खोलीत तिचे बाबा बसले होते. बाबांनी तीस वर्षे लोखंडी पत्रे ठोकण्याच्या कारखान्यात काढली होती. भांडे पडले की ते खोलीतून उठून जात. गाणे लागले की बंद करायला सांगत. घरातले सगळे त्यांना तिरसट म्हणत.

“बाबा, एकदाच घालून बघा,” नणंद म्हणाली आणि माझी चालणारी बाजू तिने त्यांच्या उजव्या कानात बसवली.

बाबांनी आधी डोळे घट्ट मिटले, मार खायच्या तयारीने मिटावेत तसे. गाणे सुरू झाले. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला आणि पायाचा अंगठा ठेका धरू लागला. तेवढ्यात वहिनी आतून आली.

“ते नका घालू, बाबा,” ती पटकन म्हणाली. “ते नीट ऐकवत नाहीत.”

“काय ऐकवत नाहीत?”

“‘स’ ऐकवत नाहीत.”

“मला तोच तर टोचतो,” बाबा म्हणाले. “वीस वर्षं टोचतोय.”

वहिनी उभीच राहिली. असे दुखणे तिने बारा वर्षे स्वतःच्या कानांत सोसले होते आणि त्याच घरात दुसरे कोणी ते सोसत असेल, हे तिच्या मनातही आले नव्हते. ती बाबांच्या शेजारी बसली. “कधी सांगितलं नाहीत?”

“काय सांगायचं? आवाज टोचतो म्हणून? लोक हसतात.”

तिने माझी वायर मांडीवर घेतली आणि एक एक पीळ सावकाश सोडवला. दुसऱ्या दिवशी ती मावशींच्या दुकानातून नव्या रबरी टोप्या घेऊन आली. आठवड्याभराने तिने बाबांना कानाच्या डॉक्टरांकडेही नेले.

मित्रांनो, आम्ही सगळे सारखे नसतो. कोणी तिखट असतो, कोणी मऊ. आम्हाला निवडाल तेव्हा जे रोज ऐकायचे आहे तेच लावून बघा, आणि दुसऱ्याने तुमच्या वतीने उत्तर दिले तर त्याला थांबवा. आमच्या मऊपणावर भुलून आवाज वाढवत नेऊ नका. बिघडलो, नकोसे झालो, तरी खणात कोंबण्याआधी एकदा आजूबाजूला पाहा. तुम्हाला न चाललेली वस्तू घरातल्या कोणाला तरी नेमकी हवी असेल.

मी आता थकलो आहे. रोज संध्याकाळी तासभर बाबांच्या कानात बसतो, बाकी वेळ खुंटीवर सैल लटकतो. आणि त्या घरात हल्ली सगळे जण ताटे आवाज न करता खाली ठेवतात.