तीन प्रती, एक सही

बँकेत लागून तिला पाच महिने आणि तीन आठवडे झाले होते, तरी शाखेत तिला कुणी नावाने हाक मारत नव्हतं. "ए बारावी, शिक्का कुठाय?" "बारावी, जरा काउंटर सांभाळ." बाकी सगळे पदवीवाले आणि ही एकटी शाळेचा दाखला घेऊन थेट खुर्चीत येऊन बसलेली. बसलेली म्हणायचं आपलं. एका जागी बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं. टेबलाखाली पाय असा हलायचा, की शेजारचे हेडकॅशियर वैतागून म्हणायचे, "अगं बाई, पाय आवर, माझा चहा सांडतोय."

कॉलेजात न जाण्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडायची सोय नव्हती. "तीन वर्षं बाकावर बसून काय करू? मला बसवत नाही," असं सांगून तिने स्वतःच बँकेची परीक्षा दिली होती. आईने कपाळाला हात लावला होता. "सहा महिने तात्पुरतं ठेवणार म्हणतात. नाही केलं कायम तर? तोवर कॉलेजचे प्रवेशही संपलेले असतील. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं!" आता ते सहा महिने येत्या शनिवारी संपत होते आणि आईचं बोलणं खरं ठरायची सगळी लक्षणं दिसत होती.

सगळ्याचं मूळ म्हणजे तिची सही.

अठराव्या वर्षी कुणाची सही ठरलेली असते? शाळेत कधी सहीची गरजच पडत नाही. हिची सही वडिलांनी काढून दिली होती. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अर्ध्या बाजाराच्या माथ्यावर त्यांचं अक्षर होतं आणि सगळे त्यांना पेंटर म्हणूनच ओळखत. पोरगी बँकेत लागली म्हटल्यावर त्यांची छाती दोन इंच फुगली. "बँकेतल्या माणसाची सही कशी पाहिजे? कुणाच्या बापाला नक्कल करता येता कामा नये!" असं म्हणून त्यांनी कागदावर एक सही रेखाटली. पहिल्या अक्षराला मोठा गोल फेरा, शेवटच्या अक्षराची शेपटी उलटी फिरून पहिल्याला भिडलेली, खाली नागमोडी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. तिने संध्याकाळभर ती गिरवली आणि रुजू होताना नमुन्याच्या कार्डावर एका झटक्यात उतरवली. ते कार्ड मुख्य कार्यालयात गेलं. तिथून पुढे तिची प्रत्येक सही त्या कार्डाशी ताडून पाहिली जाणार होती.

नक्कल खरंच कुणाला जमली नसती. तिलाही जमेना. दिवसाला दोनशे कागदांवर सह्या करायच्या म्हटल्यावर आधी टिंबं गळाली, मग नागमोडी रेघ सरळ झाली आणि तिसऱ्या महिन्यात सहीचं गांडूळ झालं. मुख्य कार्यालयातून कागद परत यायला लागले. गेल्या सोमवारी एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा ड्राफ्ट परत आला, 'सही जुळत नाही' असा शेरा घेऊन. तोवर त्या बाईने ठरवलेलं शिलाई मशीन दुसऱ्याने नेलं. बाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या काउंटरसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "आता पुन्हा एवढ्या कमी किमतीत कुठलं मिळायचं?" आणि निघून गेल्या. हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दुपारी मॅनेजरबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. बाई मोजकं बोलायच्या. त्यांनी नमुन्याचं कार्ड पुढे ठेवलं. "ही कोण?"

"मी, मॅडम."

मग परत आलेला ड्राफ्ट. "आणि ही?"

तिने दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या.

"एकदाच जमते ती सही नव्हे, ते चित्र," बाई म्हणाल्या. "सही म्हणजे दहा हजाराव्या वेळीसुद्धा तीच यायला हवी. बस. जी तुला रोज येईल ती कर. दहा वेळा."

तिने पेन उचललं. दुसरं काही सुचेना, म्हणून शाळेच्या वहीवर घालायची तसं सरळ, गोल अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. दहाही वेळा तेच आलं. बाईंनी नवं कार्ड पुढे सरकवलं. "आता ही बदलायची नाही. आणि ऐक. शनिवारी बाराला टपालाची पिशवी मुख्य कार्यालयात जाते. तुझं हमीपत्र त्यात गेलंच पाहिजे. वडिलांना घेऊन ये. तीन प्रती, तिन्हींवर त्यांची सारखी सही. हमीपत्र नसेल तर तुला कायम करा म्हणून मी लिहू शकत नाही."

घरी वडील एका केशकर्तनालयाची पाटी पुरी करत होते. तिने सगळं सांगितलं. त्यांचा ब्रश हवेत थांबला.

"म्हणजे माझी सही नापास झाली म्हण की."

"छान होती हो बाबा. मलाच नाही जमली."

"छान होती तर बदललीस कशाला?" ते म्हणाले आणि पुन्हा पाटीकडे वळले. शनिवारचं विचारल्यावर मान न वळवताच म्हणाले, "येतो ना. सही तर करायचीय, त्यात काय एवढं?"

शनिवारी सकाळपासून तिचं कशातच लक्ष नव्हतं. दोनदा शिक्का उलटा मारला. दारात कुणी आलं की मान वर आणि घड्याळाकडे नजर. सव्वाअकराला वडील आले. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, नखांत निळा रंग. मॅनेजरबाईंनी हमीपत्राच्या प्रती केबिनबाहेर तिच्याच टेबलावर मांडल्या होत्या. तिथे बसून वडिलांनी पेन हातात घेतलं.

पहिल्या प्रतीवर त्यांनी झोकात फेरा काढला. दुसऱ्या प्रतीवर तो फेरा भलतीकडेच गेला. तिसऱ्या प्रतीवर पेन अर्ध्यात अडलं, मग घाईघाईने कसंबसं टोकाला पोचलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. हातभर उंचीचं अक्षर पट्टी न लावता ओढणारा माणूस, दोन बोटांच्या सहीपुढे गडबडला. हेडकॅशियर पुटपुटले, "दिव्याखाली अंधार!" तिला ते ऐकू गेलं आणि त्यांचा मनस्वी राग आला.

बाईंनी तिन्ही कागद उचलले आणि वडिलांकडे न देता तिच्यापुढे ठेवले. "तपास. खरं तर हे तुझ्याकडे द्यायचं काम नाही, तपासनीस म्हणून मी सही करीनच. पण तुझी नजर किती पक्की आहे ते मला बघायचंय. जुळतात का सांग."

अकरा चाळीस. शिपाई टपालाची पिशवी बांधायला लागला होता. हेडकॅशियरांनी मागून हळूच कानात सांगितलं, "अगं, हो म्हण आणि मोकळी हो. तुझेच वडील आहेत, कोण विचारतंय?"

तिलाही तेच वाटत होतं. हो म्हटलं की झालं, नोकरी पक्की, आईचं तोंड बंद, बाबांची लाज राखली. नाही म्हटलं आणि बाराच्या आत काही जमलं नाही, तर सगळंच मुसळ केरात. शिवाय सगळ्यांदेखत बापाला नापास करायचं? तिने कागदांवरून नजर फिरवली. वडील तिच्याकडे बघत होते. तिला त्या शिवणाऱ्या बाईंचा चेहरा आठवला. मुख्य कार्यालयात सह्या ताडणाऱ्या माणसानेही असाच कुणाचा तरी कागद हातात धरला असेल, आणि त्याने मात्र खरं तेच लिहिलं होतं.

"नाही जुळत," ती म्हणाली.

वडिलांनी मान खाली घातली. बाईंनी खणातून तीन कोऱ्या प्रती काढून टेबलावर ठेवल्या.

ती खुर्ची ओढून वडिलांशेजारी बसली. "बाबा, सही नका करू. नुसतं नाव लिहा. पाटीवर लिहिता तसं, सावकाश."

"पाटीवर मी दुसऱ्यांची नावं लिहितो गं," ते अगदी हळू म्हणाले. "रंगवायचं, रोख पैसे घ्यायचे, निघायचं. स्वतःचं नाव लिहायची वेळ कधी आलीच नाही."

तिला गलबलून आलं. पण घड्याळ पुढे चाललं होतं. "मग आज लिहा," ती म्हणाली. "इथून सुरुवात करा."

त्यांनी कोपर टेबलावर टेकवलं, श्वास रोखला आणि एकेक अक्षर लिहायला घेतलं. शिपाई पिशवी घेऊन दारात आला. "मॅडम, गाडी उभी आहे." बाईंनी हाताने त्याला थांबवलं. एक प्रत झाली, दुसरी झाली. तिसरीची शेवटची वेलांटी देऊन त्यांनी पेन खाली ठेवलं, तिन्ही कागद नीट एकावर एक लावले आणि काउंटरपलीकडच्या कुठल्याही परक्या माणसापुढे करावेत तसे लेकीपुढे केले.

"बघा आता," ते म्हणाले. "जुळते का, मॅडम?"

त्यात थट्टा नव्हती. तिने कागद घेतले आणि पहिल्या अक्षरापासून तपासायला लागली.