तिरका बांध

"कारण सांग," भरतेश म्हणाला. "नुसतं बरोबर हाय, बरोबर हाय म्हणू नगंस."

सोप्याच्या फरशीवर मी खडूनं चौकोन काढला होता. आमच्या वडलांचं, आप्पांचं रान. एका कोपऱ्यात विहीर, समोरच्या कोपऱ्यात गाडीवाट. दोघांनाही दोन्ही मिळावं म्हणून वाटणीत मीच ते दोन कोपरे जोडून तिरका बांध घातला. आमच्याकडे थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी निवडायचं. त्या दिवशी भरतेश, माझा धाकटा भाऊ, म्हणाला होता, "अण्णा, तू देशील त्यो माझा." मी ओढ्याकडचा दिला.

पुढं त्याला वाटायला लागलं, आपला तुकडा कमी आहे. अकरा वर्षं त्यानं माझ्या घरी घास घेतला नाही. आता तो तुकडा विकून उद्या पोराकडे हुबळीला निघाला होता, कायमचा. मी निरोप धाडला, "वाटे सारखेच होते, दाखवतो. पटलं तर जेवून जा." म्हणून आला.

अक्षरं मी पंचेचाळिसाव्या वर्षी शिकलो. यंदा, साठीत, दहावीचा फॉर्म भरलाय. कर्णामुळे समांतरभुज चौकोनाचे दोन सारखे त्रिकोण होतात हे पुस्तकात वाचलं, तेव्हा एकटाच रडलो होतो.

"ह्ये दोन कोन सारखे, ह्ये दोन सारखे," मी म्हणालो. "मधला बांध दोघांचा सामाईक. म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप."

"कोन सारखे कशानं?"

"समोरासमोरचे बांध समांतर हाईत, म्हणून."

"आन् ते कशावरनं?"

"ते गणितात आधीच, पक्षात, दिल्यालं असतंय. त्याला कारण लागत न्हाई."

"कुणी दिलं?"

स्वयंपाकघरात राजमतीचा, माझ्या बायकोचा, भाकरी थापायचा आवाज थांबला.

"आप्पा म्हणायचे, रान सरळ हाय," मी म्हणालो.

"आप्पा मला बी सरळ म्हणायचे." भरतेश हसला. "ऊठ. टेप घे."

रानात दोन बाजू सारख्या भरल्या. उरलेल्या दोन समोरासमोरच्या. माझ्याकडची तीनशे दहा फूट, त्याच्याकडची दोनशे बासष्ट. मी परत मोजली. मग उलट्या टोकाकडून मोजली. तिसऱ्यांदा भरतेशनं टेप ताणून धरला.

"पुरं, अण्णा."

"चार-पाच गुंठं जास्त आलं माझ्याकडं. माझ्यातनं तोडून देतो."

"कुणाला? माझं रान हाय कुठं आता? घेणाऱ्याला देतोस?"

"मला म्हाईत न्हवतं रं."

"म्हाईत असतं तर तू खडू घिऊन बसलाच नसतास," तो म्हणाला, आणि टेप गुंडाळू लागला.

घरी पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. राजमतीनं दोन ताटं वाढून ठेवली होती.

"भावजी, सकाळी तरी या," ती म्हणाली.

"पाचची गाडी हाय, वैनी."

तो ताटापाशी वाकला. वरच्या भाकरीवर तळवा ठेवून थोडा वेळ तसाच राहिला. मग बाहेर जाऊन चपला घातल्या.