दुसऱ्याची पोर

बेंबळीच्या बिरूनं सकाळी मेंढरं सोडायच्या आधी मोबाईल उघडला आणि हरखून बायकोला हाक मारली, "अगं, ये की लवकर! आपला कुमार बघ, पुण्यात गजी नाचतोय!"

व्हिडिओत लाल-निळे दिवे, घुमणारा ढोल आणि खांद्यावर घोंगडी टाकून डोळे मिटून धनगरांचा हा नाच नाचणारा पोरगा. मागं क्लबची इंग्रजी पाटी. क्लबवाल्यांनीच टाकलेला व्हिडिओ फिरत फिरत इथवर आला होता. बिरूला इंग्रजी येत नव्हतं. लेकाचं पाऊल मात्र ओळखू येत होतं. त्यानं कौतुकानं तो गावाच्या ग्रुपवर टाकला. बिचारा! आपल्याच हातानं घराला काडी लावतोय, हे त्याला काय ठाऊक?

पुण्यातली ती जागा पुरुषावर जीव जडलेल्या पुरुषांची आणि बाईवर जीव जडलेल्या बायकांची. पूर्वी अशी माणसं एखाद्या हॉटेलच्या मागच्या हॉलात पडदे ओढून भेटायची. दारातच फोन काढून घेतले जायचे. ते हॉल बंद पडले. आता हमरस्त्यावर सप्तरंगी पाटी, तिकीट आणि फोटोवाला. कायद्यानंही गुन्हा म्हणणं सोडलं. चांगलंच झालं, माणसानं तोंड लपवून का नाचावं? पण शहर बदललं म्हणून बेंबळी थोडीच बदलते? दुपारपर्यंत कॉलेजच्या पोरांनी पाटी वाचली. संध्याकाळी बिरू पारावर येऊन बसला, तशी बाकीची माणसं उठून गेली.

मग बिरूच्या बायकोचा, नागूबाईचा भाऊ बब्रुवान जीप घेऊन आला. गावोगाव वजन असलेला माणूस. "बाप आजारी हाय," असं सांगून त्यानं कुमारला बोलावलं आणि आल्या-आल्या त्याचा फोन काढून घेतला.

"दाजी, लगीन लावा ह्याचं. बायको आली की येतंय ताळ्यावर. सोनारीत पोरगी हाय, बाप न्हाय तिला. बोभाटा तिकडं पोचायच्या आत सुपारी फोडू."

"आन न्हाय फोडली तर?" बिरूनं विचारलं.

"तर गावातली पोरं काय करतील, त्याला मी जबाबदार न्हाय."

चुलीपाशी कुमार आईला हळूच म्हणाला, "आई, मी पयल्यापास्नं असाच हाय. त्या पोरीला फसवू नका."

"गप बस! भिंतीला कान असत्यात," नागूबाई म्हणाली. तव्यावरची भाकरी करपून गेली.

सोनारीत ज्ञानेश्वरीनं सगळ्यांना चहा दिला. शिकलेली, नीटस पोरगी. तिची आई तारामती भाबडेपणानं म्हणाली, "पोराला मामाची पोर न्हाय का हो? आपल्यात तिचा मान पयला, म्हणून इचारलं."

कुंकू लावायला उठलेली नागूबाई जागीच थांबली. मामाची पोर? होती की! समृद्धी. पाळण्यात होती तेव्हापासून "ही आमच्या आक्काची सून" असं बब्रुवान चारचौघांत सांगायचा. व्हिडिओ आला आणि भावाला स्वतःची लेकच आठवेनाशी झाली.

"बब्रू," ती म्हणाली, "लगीन झालं की पोरगं सुधारतंय म्हणतोस ना? मग तुझी समृद्धी दे."

"आक्का, येड लागलं का? माझ्या पोरीचा जन्म नासवू व्हय?"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"आन हिचा नासला तर चालतोय? दुसऱ्याची पोर म्हणून?" नागूबाईनं कुंकवाची कोयरी खाली ठेवली. "तारामती, माझा लेक गुणाचा हाय, पर त्याला बाईची वढ न्हाय. ही सुपारी फुटायची न्हाय."

ज्ञानेश्वरीनं कुमारकडं पाहिलं. "तुमी का न्हाय बोललात?"

"भ्यालो," तो म्हणाला.

बब्रुवान ताडकन उठला. "या आता गावात, दावतो!" म्हणून जीप घेऊन निघून गेला.

तिघं बसथांब्यावर उभे राहिले. बिरू म्हणाला, "कुमार, तू परस्पर पुण्याला जा लेकरा."

"का? चोरी केलीय त्यानं?" नागूबाई म्हणाली. "आपल्या घरी यील."

जीप तोवर बेंबळीत पोचली होती. फाट्यावर माणसं जमली. काहींच्या हातात काठ्या होत्या. त्यांत परकं कुणी नव्हतं. कुमारला खांद्यावर बसवून जत्रेला नेणारीच ती माणसं. वाचकहो, बस अजून वाटेत आहे. त्या गर्दीत तुम्ही असाल, तर ती तिघं उतरायच्या आत ठरवा, हातातल्या काठीचं काय करायचं ते.