देवघरातल्या गोळ्या आणि मी, रागिणीची वार

मित्रांनो, मी एक वार आहे. जुनी म्हणाल तर वय जेमतेम आठ महिने. आईच्या पोटात बाळाला अन्न आणि प्राणवायू पोचवते ती वार. तुम्हा प्रत्येकाची एक होती आणि तुमच्यातल्या एकानेही कधी तिची विचारपूस केली नाही. असो.

माझं घर अंजनगाव सुर्जीचं. जिच्या पोटात मी वाढले त्या रागिणीला चार वर्षांपूर्वी तिच्या आईची किडनी बसवलेली. शरीर मोठं संशयी असतं, बाहेरून आलेल्याला हाकलायला बघतं. त्याला शांत ठेवायला रागिणी सकाळ-संध्याकाळ आठ वाजता गोळ्या घ्यायची. बाळाला अपाय करणारी गोळी अकोल्याच्या वर्षाली डॉक्टरांनी दिवस राहण्याआधीच बदलली होती. बाकीच्या चालू होत्या.

रक्तातून त्या माझ्या दारात यायच्या. एकीचा जोर मी बराचसा मोडून काढायची. दुसरीतलं थोडं पलीकडे जायचंच, खोटं कशाला बोलू? मी स्वतःही जरा खुरटले. पण बाळाचा घास चुकू दिला नाही, हे छाती नसली तरी छातीठोकपणे सांगते.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. जमलेल्या बायकांत कुणीतरी बोललं, एवढ्या गोळ्यांनी पोराचं काय होईल? सासूबाईंनी, म्हणजे सुभद्राबाईंनी, ते फारच मनावर घेतलं. त्यांनी गोळ्यांच्या डब्याला हळदकुंकू लावलं आणि तो देवघरात ठेवला.

"बाळंत होईपर्यंत देवापाशी राहू दे. मंग घेजो."

देवापुढचं उचलायचं कसं, म्हणून रागिणीने डब्याला हात लावला नाही.

असे सहा दिवस गेले. रागिणीचे पाय सुजले, रक्तदाब चढला, किडनी कुरकुरू लागली. माझ्याकडे येणारं रक्त आटलं. होतं नव्हतं ते मी बाळाला दिलं, तरी त्याचं लाथा मारणं मंदावलं. तेव्हा मी खरंच घाबरले होते.

सातव्या दिवशी तिला अकोल्याला नेलं.

"गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्याच." सुभद्राबाईंनी मान खाली घातली. "मले वाटलं, गोळ्याच लेकराले खाऊन राहिल्या."

"मावशी, गोळ्यांमुळे किडनी टिकून आहे. ती गेली तर रागिणीही धोक्यात आणि बाळही."

इंजेक्शनं झाली, किडनी सावरली. घरी आल्यावर सुभद्राबाईंनी देवाला हात जोडले आणि डबा स्वतःच खाली काढला. तेव्हापासून आठ वाजले की त्या प्रसादासारखी गोळी सुनेच्या तळहातावर ठेवायच्या.

छत्तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. वजन सव्वादोन किलो, आवाज मात्र साऱ्या वॉर्डाला पुरेल एवढा. मला ट्रेमध्ये ठेवलं. वर्षाली डॉक्टरांनी उलटून पालटून पाहिलं आणि म्हणाल्या, "लहानशी आहे, पण मोठी चिवट." आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक.

"आमच्यात वार अंगणात पुरतात," सुभद्राबाई म्हणाल्या.

"तपासायला देता का? अशा गोळ्या घेणाऱ्या पुढच्या बायांना काय सांगायचं, ते हिच्याकडून थोडं कळेल."

सुभद्राबाईंनी वाकून मला नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "घेऊन जा बाई. पोरीची नाळ सुकून पडली का मंग ते पुरीन मी. माही चूक झाली तरी इनं पोरीले सांभाळलं. इले मातीत काहून टाकू?"

आता मी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर असते, ताठ मानेनं. मित्रांनो, घरात कुणी पोटुशी असेल तर तिची औषधं मनानं सुरू करू नका आणि मनानं बंदही करू नका. डॉक्टरांना विचारा. आणि कधीतरी आईजवळ बसून माझ्या बहिणीची, तुमच्या वारेची, एकदा चौकशी करा.