पिवळं आलं की पास

क्लोरीनकाकांनी एकतीस वर्षं अख्ख्या गावाला पाणी पाजलं आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी घरातले तीन मासे मारले. अर्थात ‘मारले’ हा शब्द त्यांच्यासमोर काढायची कोणाची टाप नव्हती. त्यांच्या मते मासे मेले, आपापले.

क्लोरीनकाका हे नाव कामावरून पडलं होतं. गावाच्या पाण्यात क्लोरीन सोडायचं काम त्यांच्याकडे. रोज सकाळी सायकल हाणत गावाच्या पार टोकाच्या नळापर्यंत जायचं, काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पिवळं आलं की पास. म्हणजे शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन पोचलंय, जंतूंची धडगत नाही. रंग आला नाही, की काका फोनवर असे कडाडायचे की पंपावरचा माणूस हातातला चहा टाकून पळायचा.

नातीच्या आठव्या वाढदिवसाला तिच्या मामानं काचेची टाकी आणून दिली. पाच मासे, तळाशी खडे, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंजाचा फिल्टर. नातीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी टिकायची नाही. पण टाकी आली आणि भिंगरी तासन्‌तास टाकीसमोर मांडी ठोकून बसायला लागली. तीन आठवड्यांनी काचेवर हिरवट थर धरला, पाणी गढूळ दिसायला लागलं.

“आबा, त्यांना मी दिसत नसेन ना आता?” तिनं विचारलं.

झालं! आबांनी बाह्या सरसावल्या. पाण्याचं काम आणि ते विचारायचं कोणाला? भिंगरी शाळेत गेल्यावर त्यांनी मासे पातेल्यात काढले, टाकी पार रिकामी केली, खडे घासले, स्पंज नळाच्या धारेखाली पांढरा होईपर्यंत पिळला आणि नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं. सवयीनं नळीत घेऊन थेंबही टाकले. पिवळंधमक. “करा चैन,” असं म्हणून त्यांनी मासे सोडले आणि पेपर वाचायला गेले. दुपारी भिंगरी आली तेव्हा तीन मासे पोट वर करून तरंगत होते.

रडून रडून डोळे सुजलेल्या पोरीला घेऊन सून माशांच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, “वहिनी, नळाचं पाणी थेट ओतलंत? अहो, विष आहे ते! मासे जगत नाहीत त्यात, आणि आपण पितो. आता काय बोलायचं?” त्याच्या मेहुण्याचा सीलबंद पाण्याच्या जारचा धंदा होता, हे जाता जाता सांगून ठेवलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात दोन जार येऊन बसले. एक उरलेल्या दोन माशांसाठी, एक माणसांसाठी. सुनेनं शेजारच्या शिंपीणकाकूंना सांगितलं, शिंपीणकाकूंनी जिन्याला सांगितलं, आणि आठवड्याभरात प्रत्येक मजल्यावर दाराबाहेर रिकामे जार दिसायला लागले. काका येता-जाता त्या जारांकडे सवतीच्या पोरांकडे बघावं तसे बघायचे. घरात जारसमोर उभे राहून नळाचं पाणी मुद्दाम घटाघटा आवाज करत प्यायचे. “दुकानातले मासेच मरतुकडे होते,” हे दिवसातून चारदा ऐकवायचे.

“मी एकतीस वर्षं पितेय तुमचं पाणी,” त्यांची बायको म्हणाली, “अजून मेले नाही. आता या वयात नवीन पाणी कशाला?” घरात त्यांच्या बाजूनं एवढं एकच मत होतं.

मग एका संध्याकाळी भिंगरी खेळून आली, धापा टाकत. आबांनी नळाखाली पेला धरला, भरून तिच्यापुढे केला. तिनं पेल्यावर पंजा ठेवला आणि हळूच म्हणाली, “आबा, ते विषाचं आहे.”

काकांच्या काळजाला घरं पडली. नोकरीला लागून तिसरं वर्ष होतं, तेव्हा क्लोरीनची गाडी सहा दिवस आली नव्हती. साहेब म्हणाले, चालवून घ्या. त्यांनी चालवून घेतलं. सातव्या दिवशी दवाखान्यात एकेका खाटेवर दोन दोन पोरं होती, आणि त्यांतलं एक त्यांचं स्वतःचं होतं, भिंगरीचा बाप. तो वाचला. त्या दिवसानंतर काकांनी कोणत्याही साहेबाचं ऐकून काही चालवून घेतलं नाही. बदली झाली, पगारवाढ अडली, पण ‘पिवळं नसेल तर पाणी सोडणार नाही’ हा हेका सुटला नाही. आणि आता त्याच पाण्यावर नात पंजा ठेवत होती.

मासे कशानं मेले हे त्यांना त्याच दुपारी कळलं होतं. क्लोरीन काय करतं हे त्यांना नाही तर कोणाला कळणार? पण ते कबूल करायचं म्हणजे पोरीच्या डोळ्यांत डोळे घालून सांगायचं, आणि तेवढी छाती होत नव्हती. ते गप्प राहिले, आणि त्यांच्या गप्प राहण्याची शिक्षा पाण्याला होत होती.

रविवारी सकाळी त्यांनी कपाटातून तपासणीची लाकडी पेटी काढली, खाली जिन्याच्या तोंडाशी टेबल मांडलं आणि थाळी बडवून सगळ्यांना गोळा केलं.

“अहो, शोभा होईल,” बायको म्हणाली.

“होऊ दे!”

पहिल्या नळीत नळाचं पाणी. थेंब टाकले. पिवळं. दुसऱ्या नळीत जारचं. रंग नाही.

“बघा!” शिंपीणकाकू टाळी वाजवून म्हणाल्या. “जारमध्ये विष नाही! आम्ही म्हणत नव्हतो?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुनेनं खाली बघितलं. एकतीस वर्षं जो रंग बघून ते निर्धास्त झोपले, तोच आज त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होता. मग त्यांनी टेबलाखालच्या बादलीतलं पाणी तिसऱ्या नळीत घेतलं.

“हे कुठलं?” सुनेनं विचारलं.

“नळाचंच. काल सकाळी भरून गॅलरीत उघडं ठेवलं.” थेंब टाकले. रंग नाही. “क्लोरीन उडून गेलं. माशांना हे घालायचं. आठवड्याला पाव टाकी, जास्त नाही. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, त्या घाणीतल्या चांगल्या जंतूंवरच टाकी जगते, हे मी आता शिकलो. पण क्लोरीन उडतं हे मला तीस वर्षं ठाऊक आहे. ठाऊक असून मी पाणी एक दिवस उघडं ठेवलं नाही. का? तर मस्ती. माझं पाणी, त्याला कसली वाट बघायला लावायची!”

काकांनी पिवळी नळी उचलून सगळ्यांपुढे धरली.

“हो, याच्यानं मासा मरतो. ज्याच्यानं मासा मरतो त्याच्यानंच जंतू मरतो, आणि तो मरावा म्हणूनच मी ते घालत होतो. मासा रात्रंदिवस त्यात श्वास घेतो, आपण पेलाभर पितो. ज्याला जार प्यायचाय त्यानं खुशाल प्यावा. पण माझ्या पाण्याला विष म्हणायचं नाही. पाणी चुकलं नाही. मी चुकलो. तीन मासे मी मारले.”

भिंगरी पायरीवर बसली होती. ती उठली आणि टेबलाशी आली. “तू मारलेस?”

“हो.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“लाज वाटली गं.”

“तू म्हणालास ते मरतुकडे होते.”

“खोटं बोललो.”

ती जिना चढून वर निघून गेली. लोक पांगले. शिंपीणकाकूंचा जार काही बंद झाला नाही, आणि काकांनीही पुन्हा त्यावर अवाक्षर काढलं नाही. त्यांनी उघड्या बादलीतल्या पाण्यानं मोजून पाव टाकी बदलली, आणि उरलेले दोन मासे काचेला नाक लावून फिरत राहिले.

भिंगरी चार दिवस आबांशी एक शब्द बोलली नाही. रोज सकाळी मात्र शाळेची बाटली घेऊन ती स्वयंपाकघरात यायची, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायची आणि बाटली नळाखाली धरायची.