जानकी सिस्टरचे हात

“जानकी, चढ स्टुलावर,” डॉक्टर वाघळे म्हणाले.

टेबलावरची रुचिरा घामाने थबथबली होती. पहिलटकरीण, कांजूरमार्गहून आलेली. नुकतीच एक कळ येऊन गेली होती आणि ती डोळे मिटून पडली होती. टेबलाला लागून लोखंडी स्टूल होतं. त्यावर चढायचं, दोन्ही हातांचा भार बाईच्या पोटावर वरच्या अंगाला टाकायचा आणि कळ आली की बाळाला खाली रेटायचं. मुलुंडच्या या प्रसूतिगृहात एकोणतीस वर्षं हे काम जानकी राणेच करत आली होती.

“नाही चढत, सर,” जानकी म्हणाली.

डॉक्टरांनी हातमोजे चढवता चढवता मान डोलावली. ‘नाही’ हा शब्द या बाईच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, त्यामुळे तो त्यांच्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागला.

मुलुंडपासून भांडुपपर्यंत जानकीच्या हातांचा बोलबाला होता. बायका नावनोंदणी करतानाच विचारत, “राणे सिस्टर आहेत ना?” बाळ झालं की पहिला पेढा डॉक्टरांना आणि दुसरा तिला. तिला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोला. चारचौघींत ती स्वतःच सांगायची की ब्रह्मदेव अडला तरी माझ्या हाताखाली सुटेल.

मग चार महिन्यांपूर्वी तिला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. शिकवायला श्रुतिका नावाची डॉक्टर, जानकीच्या लेकीच्या वयाची. ती म्हणाली, पोट दाबल्याने फायदा होतो असं कुठल्याही अभ्यासात दिसलेलं नाही, इजा मात्र होते. जानकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मॅडम, मी हजारो केल्यात. माझा अनुभव काय वाया गेला?” श्रुतिका चिडली नाही. “नाही ना, सिस्टर. तुमच्याकडे तर रजिस्टर असतील. मोजून सांगा मला, दाबलं तेव्हा काय झालं, नाही दाबलं तेव्हा काय झालं.”

जानकी इरेला पेटली. परत आल्यावर माळ्यावरची जुनी रजिस्टर काढून बसली. तारीख, वेळ, वजन, टाके, सगळं होतं, बरंचसं तिच्याच अक्षरात. पोट दाबलं, हे मात्र एकोणतीस वर्षांत एकदाही लिहिलेलं नव्हतं. कोणी लिहू नका म्हणून सांगितलं नव्हतं. सगळेच दाबत होते आणि कोणीच लिहीत नव्हतं.

त्यात गेल्या आठवड्यात चेतनाचं पान निघालं. बारा वर्षांपूर्वीची बाई, घाटकोपरला शाळेत शिकवायची. जानकीने जीव खाऊन दाबलं होतं आणि चेतना पार मागच्या वाटेपर्यंत फाटली होती. पुढे तिला शी धरवेना, वर्गात उभं राहवेना. शेवटी नोकरी सुटली. पानावर लिहिलं होतं, नॉर्मल प्रसूती, आई व बाळ सुखरूप. खाली सही जानकीची. त्या दिवशी तिला डबा गेला नाही. दाबलं नसतं तर चेतना या हालांतून वाचली असती की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक व्हायची वाटच तिने स्वतःच्या हाताने बुजवून ठेवली होती.

तिने कोणाला काही सांगितलं नाही. फक्त मनाशी एक ठरवलं.

“काय म्हणालीस?” डॉक्टरांनी आता तिच्याकडे पाहिलं.

“दाबायचं तर दाबते, सर. पण पेपरवर लिहिणार. दोन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून पोट दाबलं. खाली तुमची सही.”

“असं कोण लिहितं?”

“कोणीच नाही.”

“उद्या काही झालं तर तो कागद कोर्टात जाईल, कळतंय का तुला?”

“मग जे लिहायची भीती वाटते ते करायचं कशाला?”

डॉक्टर वाईट नव्हते. अडल्या बाईसाठी ते जेवणाच्या ताटावरून उठून आलेले जानकीने पाहिले होते. पण तीन वाजता त्यांचं घाटकोपरला एक सिझेरियन होतं, आणि घाईत माणूस सवयीच्याच वाटेने जातो. ते कोपऱ्यातल्या नव्या सिस्टरकडे वळले. “सई, तू चढ.”

सईने पाऊल उचललं. तेवढ्यात जानकी स्टुलावर बसली. चांगली ऐसपैस, मांडीवर हात ठेवून, लग्नघरात बसतात तशी. सई होती तिथेच थांबली.

रुचिराची सासू, नीला परब, डोक्याशी उभी होती. तिचा धीर सुटला. “अगो सिस्टर, दाब मगे जरा! माका तिनय पोरांच्या वक्ताक दाबलेलां. मी मेलंय काय?”

“वयनी, तुमचा निभावला,” जानकी म्हणाली. “सगळ्यांचा निभावता असा नाय.”

“जानकी, ऊठ,” डॉक्टरांचा आवाज खाली आला. तो खाली आला की भल्याभल्यांची गाळण उडायची. “उद्यापासून लेबर रूममध्ये पाय ठेवायचा नाही.”

“उद्याचं उद्या, सर. आत्ता बाळाचे ठोके एकशे चाळीस आहेत. पिशवीचं तोंड पूर्ण उघडून तास नाही झाला. ठोके पडले तर तुम्ही म्हणाल ते, चिमटा लावा, सिझर करा, मी पहिली धावेन. पण ठोके चांगले असताना घड्याळासाठी मी दाबणार नाही.”

तिच्या नोकरीची पाच वर्षं उरली होती आणि डॉक्टर बोलल्याप्रमाणे करतात हेही ती ओळखून होती.

डॉक्टरांनी स्वतः यंत्र लावून ठोके ऐकले. ते इतके स्वच्छ होते की त्यांना नीट रागावतासुद्धा येईना. त्यांनी हातमोजे ओरबाडून काढले आणि घाटकोपरला उशीर होईल म्हणून सांगायला फोन घेऊन दाराशी गेले.

“रुचिरा, कुशीवर वळ गं बाळा,” जानकी बसूनच म्हणाली. “सई, तिचा वरचा पाय धर. आणि रुचिरा, कळ आली की तुला वाटेल तेव्हा जोर दे. आमच्या ओरडण्यावर जाऊ नकोस.”

“मला नाही जमत,” रुचिरा रडत होती.

“जमतंय. तूच करत्येस ना सगळं.”

दर कळेनंतर सई ठोके मोजून मोठ्याने सांगत होती. एकशे अडतीस. एकशे चव्वेचाळीस. जानकीच्या हातांना नुसती खाज सुटली होती. एकोणतीस वर्षांची सवय, आणि डोकं दिसायला लागलं की त्यांना राहवेना. तिने ते मांडीखाली दाबून धरले.

तीन वाजायला सात मिनिटं असताना मुलगी झाली. डॉक्टरांनीच झेलली. दोन किलो नऊशे. रडली ती अशी की सईच्या डोळ्यांत पाणी आलं. रुचिराला वरवर खरचटलं होतं, टाका घालण्याइतकंही नाही. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. पण घाटकोपरला निघताना भिंतीवरच्या ड्युटीच्या तक्त्यात लेबर रूमपुढचं जानकीचं नाव खोडून ओपीडीत लिहायला ते विसरले नाहीत. तळमजल्यावर बसून गरोदर बायकांचं वजन आणि प्रेशर घ्यायचं.

संध्याकाळी परबांचं अख्खं गणगोत व्हरांड्यात जमलं. नीला पेढ्यांचा पुडा घेऊन फिरत होती. सईला दिला, झाडूवालीला दिला. जानकीपाशी येऊन पुडा तसाच पुढे गेला.

“डॉक्टर देवमाणूस म्हणान सुटली पोर,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “ह्या सिस्टरीन हातसुदीक लावल्यान नाय. स्टुलार बसान रवली नुसती!”

दहा-बारा तोंडं एकदम जानकीकडे वळली. सई काहीतरी सांगायला पुढे झाली, तर जानकीने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. दुसरा पेढा कायम आपलाच म्हणून मिरवलेल्या बाईला हे लागलं, चांगलंच लागलं. तरी तिने मान वर केली.

“होय वयनी,” ती म्हणाली. “हात लावलंय नाय.”

आणि पर्स खांद्याला लावून ती जिना उतरून गेली.